बहिणीच्या मताची फुली

नेटा हार्बोटलला मत नव्हतं. म्हणजे डोक्यात होतं, चांगलं घट्ट बसलेलं होतं, पण टाकायला पेटी नव्हती. कारण एवढंच, की तिचं घर नदीच्या चुकीच्या काठावर होतं.

ट्वीड नदीच्या उत्तर काठावर केल्डब्रे, ते स्कॉटलंड. दक्षिण काठावर हॅरोफर्डची दहा-बारा घरं, ते इंग्लंड. मधे पाच कमानींचा दगडी पूल. नेटा केल्डब्रेत जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तिथल्याच चर्चमध्ये तिचं लग्न लागलं, आणि बाविसाव्या वर्षी जेफ्री हार्बोटलच्या मागोमाग ती पूल ओलांडून अलीकडे आली. वडील पुलाच्या मध्यापर्यंत पोचवायला आले होते. म्हणाले होते, "रडतेस कशाला? पूल ओलांडतेयस, देश नाही."

त्या एका वाक्यावर नेटानं अठ्ठेचाळीस वर्षं काढली. कुठलाही अर्ज भरताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ती 'ब्रिटिश' लिहायची आणि लिहिताना तिला कधी विचार करावा लागला नाही. स्कॉटिश लिहिलं तर जेफ्री बाहेर राहत होता. इंग्रज लिहिलं असतं तर वडिलांनी थडग्यातून उठून कान उपटला असता. 'ब्रिटिश' म्हटलं की सगळे आत मावत होते, मेलेले आणि जिवंत.

आणि आता, २०१४ साली, स्कॉटलंडनं वेगळं व्हायचं का हे स्कॉटलंडला विचारायचं ठरलं होतं. विचारायला नेटाची हरकत नव्हती. ज्याला राहायचं नाही त्याला बांधून ठेवू नये, नवरा-बायकोतसुद्धा, असं तीच म्हणायची. पण विचारायचं कुणाला? तर जो तिथं राहतो त्याला. जन्म कुठला, आईबाप कुठल्या मातीत आहेत, याच्याशी कुणाला काही घेणं नव्हतं. केल्डब्रेतला बेकरीवाला काझिमेश सात वर्षांपूर्वी पोलंडहून आला, त्याला मत होतं. नेटाला नव्हतं.

"माणूस चांगला आहे तो," जेफ्री म्हणाला.

"मी कुठं वाईट म्हणतेय? पाव झकास करतो. पण माझ्या गावाचं काय करायचं हे तो ठरवणार, आणि मी इथं बसून तुझे लीक न्याहाळणार."

जेफ्रीला प्रदर्शनात ठेवायचे लीक वाढवायचं वेड होतं. कांद्याच्या जातीची ती लांब पांढरी रोपं तो पोटच्या पोरांसारखी जपायचा. तो शांतपणे म्हणाला, "लीकचंही असंच असतं बघ. बी कुठलंही असो. ज्याच्या वाफ्यात वाढला, त्याच्या नावावर लागतो."

त्या दिवशी जेफ्रीला सूप गार मिळालं.

नेटाची धास्ती खरी होती, आणि ती तिला कुणाला धड सांगता येत नव्हती. पुलावर चौकी बसेल, पासपोर्ट लागेल, पेन्शनचं काय होईल, असं लोक बोलत होते. नेटाला त्याचं विशेष काही नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की उद्या तो देश वेगळा झाला तर वडिलांचं वाक्य खोटं ठरणार. आपण तेव्हा पूल नाही, देशच ओलांडला होता असं आता मागाहून ठरणार, आणि तेही आपल्याला न विचारता.

ऑगस्टमध्ये केल्डब्रेची घोडेस्वारी निघाली. दरवर्षी निघते. गावातला एक तरणाबांड निवडतात, तो निशाण घेऊन पुढे, मागे तीनेकशे घोडे, आणि सगळे पूल ओलांडून इंग्लंडच्या हद्दीतल्या जुन्या रणमैदानावर जातात. पाचशे वर्षांपूर्वी तिथं स्कॉट सैन्य कापलं गेलं होतं. तिथून गवताचं एक ढेकूळ उचलून गावी आणायचं. जाताना सगळी फौज नेटाच्या फाटकावरून जाते, आणि नेटा दरवर्षी तबकात व्हिस्कीचे इवलेसे पेले घेऊन उभी असते. शत्रूच्या मुलखात शिरल्या शिरल्या पहिला घोट केल्डब्रेच्याच लेकीच्या हातचा, याचं स्वारांना फार हसू येतं. या वर्षी मात्र अर्ध्या घोड्यांच्या लगामाला वेगळं होऊ म्हणणाऱ्यांचे निळे बिल्ले होते, काहींच्या टोपीला एकत्र राहू म्हणणाऱ्यांचे लाल. पेला घेताना लोक एकमेकांच्या बिल्ल्याकडे बघून मग डोळ्याला डोळा देत होते.

फाटकाशी खुर्ची टाकून नेटाची थोरली बहीण बेथिया बसली होती. बेथियानं लग्न केलं नाही. चाळीस वर्षं ती केल्डब्रेच्या लोकरीच्या गिरणीत होती. विणताना सुटलेला टाका शोधायचा आणि सुईनं असा भरायचा की कुणाला कळू नये, हे तिचं काम. त्या कामानंच डोळे गेले असं ती म्हणायची. डॉक्टर म्हणायचे वयानं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग पुसला गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळं तुमचा चेहरा बघायचा असला की ती तुमच्या कानाकडे बघायची.

"घोडे कमी झालेत का गं या वर्षी?" बेथियानं विचारलं.

"तेवढेच आहेत. आवाज कमी झालाय. कुणी कुणाशी बोलत नाहीये."

"मतदानाचं खूळ. वॉटी ट्रॉटर सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात. 'बेथिया, हो म्हण. बेथिया, हो म्हण.' टपाल वाटत होता तेव्हा इतका कधी आला नव्हता मेला."

"मग तू काय म्हणणार आहेस?"

"मी कशाला काय म्हणू? मला त्यातलं काय कळतं? आजवर कुणी आलं, कुणी गेलं, माझी सुई तीच." बेथियानं नेटाच्या कानाकडे बघितलं. "तुला फार लागलंय ना जिवाला?"

नेटाला एकदम भरून आलं. नुसती मान हलवून बेथियाला कळणार नव्हतं, म्हणून तिला बोलावं लागलं. "हो. लागलंय."

"मग माझं मत तू घे. नाहीतरी मला कागद वाचता येत नाही, कुणीतरी बरोबर लागणारच. तू चल. तू म्हणशील तिथं फुली."

नेटानं तबक खाली ठेवलं आणि बहिणीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. स्कॉट बायका, त्यातून केल्डब्रेच्या, असलं काही भर रस्त्यात करत नाहीत. बेथियानं कपाळ पुसून टाकलं.

त्या दिवसापासून नेटाची पावलं हलकी झाली. तिनं नियम काढून वाचले. ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर सख्खी बहीण आत जाऊ शकते, बहिणीला स्वतःचं मत असो वा नसो. मत तिला नाकारणाऱ्यांनी हात मात्र तिचा चालवून घेतला होता. तिला यात आपलाच विजय दिसला. पुढच्या महिनाभरात ती बेथियाकडे गेली की रेडिओवर तीच चर्चा चाललेली असायची, आणि बेथिया हातातली विणकामाची लोकर तशीच धरून ऐकत असायची. नेटानं ते पाहिलं होतं. तिला वाटलं, म्हातारीला करमत नाही, दुसरं काय.

अठरा सप्टेंबरला सकाळी धुकं होतं. पुलावरून नदी दिसत नव्हती. नेटा चालत गेली. बेथिया चर्चला जाताना घालते तो निळा कोट घालून दारात तयार होती, आणि शेजारी वॉटी ट्रॉटर, छातीवर बशीएवढा बिल्ला.

"ये, शत्रुपक्ष!" वॉटी म्हणाला. तो आणि नेटा शाळेत एका बाकावर बसलेले. "हे घे पेन. आतली पेन्सिल वापरू नकोस. लंडनहून माणसं आलीयत म्हणे, रात्रीत खोडून टाकायला."

"सगळ्या स्कॉटलंडची मतं खोडणार? किती खोडरबर आणलेत त्यांनी?"

"हस, हस. पेन घे मात्र."

"घे गं," बेथिया म्हणाली. "पेनच बरं."

मतदान नगरभवनात होतं. दाराबाहेर दोन्ही बाजूंच्या बायका आपापले फलक घेऊन शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि एकाच थर्मासमधला चहा पीत होत्या. कठड्याला चार कुत्री बांधलेली. रांग पायऱ्यांपर्यंत आली होती, आणि रांगेत अशी माणसं होती की जी पंचवीस वर्षांत पाळीव मांजराच्या नावाखेरीज कशावर मत द्यायला आली नव्हती. काझिमेश पिठाच्या हातानंच आला होता. त्यानं बेथियाला पुढे जाऊ दिलं.

केंद्रप्रमुख बाईंनी नेटाचं नाव, पत्ता, नातं लिहून घेतलं. हॅरोफर्ड म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"तुमचं स्वतःचं मत इथं नाही."

"माहीत आहे मला," नेटा म्हणाली.

"तसं नव्हे, बहीण आहात म्हणजे चालतं. फक्त इथं सही करा, की त्या सांगतील तसंच तुम्ही कराल." मग त्या बेथियाकडे वळल्या. "आमच्याकडे प्लास्टिकची पट्टीही असते. मतपत्रिकेवर बसते, चौकोनांच्या जागी खिडक्या असतात. कोणती कुठली ते आम्ही वाचून देतो, फुली तुम्ही स्वतः करू शकता."

"पट्टी कशाला?" बेथिया म्हणाली. "बहीण आहे ना."

नेटानं सही केली. सही करताना तिला काही वाटलं नाही.

आडोसा म्हणजे लाकडी कप्पा, दोघींना जेमतेम पुरेल एवढा. नेटानं मतपत्रिका फळीवर पसरली आणि हलक्या आवाजात वाचली. "स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? वर 'हो', खाली 'नाही'. मग 'नाही'वर करते हं."

"थांब," बेथिया म्हणाली.

नेटा थांबली.

"'हो'वर कर."

नेटाला वाटलं, ही गोंधळली. "अगं, 'हो' म्हणजे वेगळं व्हायचं. आपल्याला 'नाही'—"

"मला कळतं 'हो' म्हणजे काय. आंधळी आहे, खुळी नाही." बेथिया समोरच्या फळीकडे तोंड करून बोलत होती, चर्चमध्ये कुजबुजतात तसं. "तुला कबूल केलं होतं, माहीत आहे मला. महिनाभर सांगेन सांगेन म्हणत होते. धीर झाला नाही. नेटा, मला सत्तरी उलटली. गिरणी बंद केली तेव्हा मला विचारलं नाही. घर पालिकेनं बदललं तेव्हा विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारतंय, आणि मला उत्तर माहीत आहे. आता मी काय करू?"

"आणि मी?" नेटाच्या तोंडून निघालं. "मी काय करू?"

"तू फुली कर."

पलीकडच्या कप्प्यात कुणीतरी खोकलं. नेटाच्या हातात वॉटीचं पेन होतं. तिनं कागदाकडे पाहिलं. वरचा चौकोन आणि खालचा चौकोन यात दोन बोटांचं अंतर होतं. बेथियाचं बोट कागदाच्या कडेवर होतं, तिला यातला एकही चौकोन दिसत नव्हता, कधी दिसणार नव्हता. घडी घालून पेटीत टाकलं की या जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं की या कागदावर कोणाचं काय होतं. नेटाला तिचं मत मिळालं असतं. अन्याय झाला होता तो तिच्या एका हाताच्या हालचालीनं फिटला असता. तिनं पेन खालच्या चौकोनावर नेलं. टेकवलं नाही, पण नेलं. वडील आठवले. पुलाचा मध्य आठवला. आणि शेजारी ही बाई, जिनं लहानपणी तिच्या फाटलेल्या मोज्यांचे टाके असे भरले होते की वर्गात कुणाला कळलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग तिनं पेन वर नेलं आणि वरच्या चौकोनात फुली केली. तिरपीच झाली, पण चौकोनाच्या आत होती. आपण आपल्या हातानं आपल्याला परकं केलं, असं तिला स्पष्ट वाटलं, आणि रडूही आलं नाही.

"केलीस?"

"केली."

"कुठं?"

"तू म्हणालीस तिथं."

बेथियानं तिच्या कानाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागदाची घडी स्वतः घातली, चाचपत पेटीपाशी गेली आणि आत सोडली.

घरी परतताना बेथिया हात धरून चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "बराच वेळ लावलास."

"फुली चौकोनात बसवत होते."

"असेल," बेथिया म्हणाली आणि आत गेली. चहाला थांब म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेफ्रीनं रेडिओ लावला. 'नाही' जिंकलं होतं. सीमेलगतच्या या भागात तर तीनातल्या दोघांनी 'नाही' म्हटलं होतं. जेफ्रीनं नेटाच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं तुझ्या मनासारखं. पूल आहे तिथंच आहे." नेटानं त्याला कालचं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय, की आपण जिंकलो आणि त्यात माझं एक मत विरुद्ध होतं? ती कोट चढवून निघाली.

पुलावर तिला दोघी ओळखीच्या भेटल्या, दोघींनी मिठी मारली. केल्डब्रेच्या बाजारपेठेत मात्र पडदे ओढलेले होते. वॉटी आपल्या पायरीवर बसला होता, बिल्ला अजून छातीवर. नेटानं थांबून "वॉटी" एवढंच म्हटलं. त्यानं हात हलवला, पुढे जा म्हणून.

बेथिया स्वयंपाकघरात बसली होती. रेडिओ बंद होता. नेटानं किटली ठेवली, कप काढले. तिला वाटत होतं काहीतरी म्हणावं, पण जे म्हणेल ते जिंकलेल्याच्या तोंडचं वाटणार होतं.

"अभिनंदन," बेथिया म्हणाली.

"असं नको ना बोलू."

"मनापासून म्हणतेय. तू हरली असतीस तर तुला जड गेलं असतं. मला काय, सवय आहे." तिनं टेबलावर हात पसरला. "एकच सांग. मी रागावणार नाही. कुठं केलीस?"

"'हो'वर केली, बेथिया. तुझ्यासमोर केली."

"माझ्यासमोर," बेथिया हसली. "अगं, एका मतानं काही फरक पडला नाही. लाखांनी हरलो. मी 'हो' म्हटलं असतं काय आणि नसतं काय. मग आता लपवायचं कशाला?"

"मी लपवत नाहीये. आईची शपथ."

"आईला मधे आणू नकोस." बेथियाचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "पेन कागदावर कधी टेकलं ते मला ऐकू आलं, नेटा. चाळीस वर्षं सुईच्या आवाजावर काम केलंय मी. तू इतका वेळ थांबलीस. जे सांगितलंय तेच करायचं असतं तर माणूस इतका वेळ थांबत नाही."

नेटा थांबली होती हे खरं होतं. का थांबली हे सांगायला गेलं, तर तेच खालच्या चौकोनाचं सांगावं लागणार होतं. आणि तो कागद आता कुठल्याशा गोदामात लाखो कागदांत पडला होता, त्यावर नाव नव्हतं, आणि कायदाच असा होता की तो पुन्हा कुणी उघडून दाखवू नये. तिनं केलेल्या एकमेव धड गोष्टीला साक्षीदार नव्हता.

"मी खरं बोलतेय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं.

"हे बघ," बेथिया म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मी रात्रभर विचार केला आणि तुला माफ केलं. पण तू माझ्याशी खोटं बोलत राहिलीस, तर मात्र मला ते पेलणार नाही. मला दिसत नाही गं. मला माणसाच्या शब्दावरच राहावं लागतं. कबूल कर आणि संपव."

किटली शिट्टी घालायला लागली. नेटानं उठून गॅस बंद केला आणि पाठमोरी उभी राहिली. खरं बोलत राहिलं तर बहीण जात होती, खोटं कबूल केलं तर केलेली ती एक धड गोष्ट. कुठल्याही बाजूला सुटका नव्हती, आणि तिचं वय सत्तर होतं, बेथियाचं त्र्याहत्तर.

"हो," ती शेवटी म्हणाली. "'नाही'वर केली."

बेथियानं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा सैल झाला. तिनं हात पुढे करून हवेत शोधला, आणि नेटा जवळ आल्यावर तिचं मनगट धरून थोपटलं.

"बरं केलंस सांगितलंस. झालं गेलं. माहीत होतं मला." मग कप जवळ ओढत, अगदी मायेनं, ती म्हणाली, "पुढच्या वेळी मात्र मी दुसऱ्या कुणाला तरी नेईन हं."